फोटोपुरते तीस सेकंद

हा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दिशेने शक्य तितके पुढे काढलेले आणि त्या हातांवर आडवा धरलेला, अंगावर लाल-काळे ठिपके असलेला एक देखणा मासा. हात पुढे काढण्यामागे कारण असते. लेन्सच्या जवळची वस्तू मोठी दिसते आणि दीड किलोचा मासा सहज अडीच किलोचा वाटतो. हे गुपित सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही हात पुढे जातातच. माशाला मात्र त्या क्षणी आपल्या वजनाशी काही देणेघेणे नसते. तो हवेत असतो आणि हवेत त्याला श्वास घेता येत नाही.

हा मासा म्हणजे ट्राउट. कुलू-मनालीला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांना तो हॉटेलातल्या ताटात भेटलेला असतो. काश्मीर आणि हिमाचलातल्या नद्यांमध्ये तो इंग्रजांच्या काळात बाहेरून आणून सोडला गेला. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, तर रेनबो आणि कटथ्रोट हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचे. थंड, स्वच्छ, खळाळते पाणी ही या सगळ्यांची गरज. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, न्यूझीलंड येथे ट्राउट गळाने पकडणे हा लाखो लोकांचा छंद आहे आणि सध्या या छंदिष्टांमध्ये एक वाद रंगला आहे. पकडलेल्या मोठ्या माशाचा फोटो काढावा का, काढला तर कसा आणि तो जगाला दाखवावा का?

मासा पकडावा की नाही, हा वाद नव्हे. तो खावा की नाही, हाही नव्हे. कारण यातले बरेच लोक मासा खातच नाहीत. पकडतात आणि परत पाण्यात सोडून देतात. कोकणातल्या माणसाला हे ताट वाढून घेऊन न जेवताच उठण्यासारखे वाटेल. पण त्यामागे एक हिशेब आहे. ली वुल्फ या प्रसिद्ध अमेरिकी मच्छीमाराने १९३९ सालच्या आपल्या पुस्तकात तो मांडला होता. मासे मोजके आणि पकडणारे फार, अशा वेळी एक चांगला मासा एकाच माणसाच्या वाट्याला जाणे ही उधळपट्टी आहे, असा त्याचा सूर होता. पुढे अनेक नद्यांवर मासा सोडण्याचे नियमच झाले. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नदीच्या अशा एका टप्प्याचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की तिथला एक कटथ्रोट ट्राउट एका हंगामात सरासरी ९.७ वेळा पकडला जातो. दर खेपेला मरण्याचे प्रमाण मात्र हजारी तीन इतकेच होते. मासा सोडला तर तो जगतो, हा विश्वास अशा अभ्यासांवर उभा आहे.

तेव्हा खिशात कॅमेरा नव्हता. आता प्रत्येकाच्या खिशात आहे. सोडून दिलेल्या माशाचा पुरावा दुसरा कुठलाच उरत नाही, त्यामुळे फोटो हेच आता पकडल्याचे फळ झाले आहे.

दमलेल्या माशाचे रक्त

गळ तोंडात रुतल्यावर मासा जीव खाऊन ओढतो. रोजच्या संथ पोहण्यासाठी त्याच्या अंगात तांबड्या स्नायूंची पट्टी असते. तिला रक्तातून सतत ऑक्सिजन मिळतो. पण निकराच्या धावपळीत कामाला येतात ते पांढरे स्नायू. हे ऑक्सिजनची वाट पाहत नाहीत. साठवलेले ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवायच वापरून टाकतात आणि मागे लॅक्टेट व आम्लता ठेवतात. दोन-चार मिनिटांच्या झुंजीत हा साठा जवळपास रिकामा होतो. तो भरून यायला आणि रक्त मूळ पदावर यायला कित्येक तास लागतात.

म्हणजे झुंज संपून मासा हातात येतो तो क्षण त्याच्या दृष्टीने ऑक्सिजनची सर्वाधिक गरज असलेला असतो. पाच जिने धावत चढून आलेल्या माणसाचे नाकतोंड दाराशीच दाबून धरावे, तसे नेमके त्याच क्षणी त्याला पाण्याबाहेर काढले जाते. हवेत पाण्यापेक्षा कितीतरी पट अधिक ऑक्सिजन असतो, पण तो माशाच्या कामाचा नाही. कल्ल्यांमध्ये अतिशय पातळ पापुद्र्यांच्या रांगा असतात आणि पाणी त्यांना एकमेकांपासून अलग ठेवते. पाणी गेले की भिजलेल्या वहीची पाने चिकटावीत तसे हे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. ऑक्सिजन आत घेणारा पृष्ठभागच मिटतो आणि कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत नाही.

हे किती महागात पडते याचा सर्वाधिक उद्धृत होणारा प्रयोग कॅनडातील क्वीन्स विद्यापीठातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांचा आहे, १९९२ सालचा. त्यांनी रेनबो ट्राउट टाकीत पुरते दमेपर्यंत पळवले. मग काहींना पाण्यातच ठेवले, काहींना तीस सेकंद आणि काहींना साठ सेकंद हवेत धरले. हवेत धरलेल्या माशांच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब ८० टक्क्यांहून अधिक घसरला. बारा तासांनी मोजणी झाली. अजिबात न पळवलेले दहाच्या दहा मासे जिवंत होते. नुसतेच दमवलेल्यांपैकी ८८ टक्के जगले. दमवून तीस सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. आणि साठ सेकंदवाल्यांपैकी २८ टक्के.

या आकड्यांनी खळबळ उडाली नसती तरच नवल. अर्धे मिनिट म्हणजे खिशातून फोन काढून, मित्राला ‘अजून एक’ म्हणण्याइतका वेळ. शिवाय मरण लगेच दिसत नाही. सोडलेला मासा शेपूट हलवत खोल पाण्यात जातो, पकडणारा समाधानाने घरी जातो आणि नंतर काय होते ते पाहायला कुणी नसते.

प्रयोगशाळा आणि ओढा

पण विज्ञान इथे थांबत नाही आणि वादातले दोन्ही पक्ष नेमके इथेच गडबड करतात. एक बाजू १९९२ चे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवते, दुसरी बाजू ते प्रयोगशाळेतले म्हणून उडवून लावते.

त्या प्रयोगातल्या माशांच्या अंगात रक्ताचे नमुने घेण्यासाठी शस्त्रक्रिया करून नळ्या बसवलेल्या होत्या. त्यांना पळवलेही होते ते पार गलितगात्र होईपर्यंत. नदीवर गळाला लागलेला लहानसा ट्राउट बहुधा मिनिटभरात हातात येतो. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील मत्स्यशास्त्रज्ञांनी दोन प्रश्न नदीवरच नेऊन सोडवायचे ठरवले. पहिला प्रश्न : लोक प्रत्यक्षात मासा किती वेळ बाहेर धरतात? त्यांनी मच्छीमारांचे निरीक्षण करून वेळ मोजली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरची निघाली. सलग मिनिटभराहून जास्त धरणारे शंभरात चार-पाचच. दुसरा प्रश्न : त्याने मासे मरतात का? २०१८ च्या अभ्यासात नैसर्गिक ओढ्यांमध्ये, उन्हाळ्यात, गळाने पकडलेल्या ट्राउटना शून्य, तीस आणि साठ सेकंद हवेत धरून, खूण करून सोडले आणि पुढे त्यांचा माग ठेवला. तिन्ही गटांच्या जगण्यात फरक दिसला नाही.

मग फोटो निर्धोक ठरला का? तसेही नाही. कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या एका नदीत ट्राउटचा जवळचा नातलग असलेल्या अटलांटिक सामनवर एक वेगळाच अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या संशोधकांनी मासा जगला की मेला एवढ्यावर समाधान मानले नाही. पुढच्या पिढीतील पिलांचे डीएनए तपासून त्यांचे आईबाप कोण हे शोधले. पकडून सोडलेले सामन प्रजननात सहभागी झाले होते, ही चांगली बातमी. पण त्यांना किती पिले झाली हे त्यांना हवेत किती वेळ धरले आणि पाणी किती गरम होते यावर अवलंबून दिसले. मेला नाही म्हणजे काही बिघडले नाही, असे समजण्यात अर्थ नाही.

अशा डझनावारी अभ्यासांचा आढावा घेऊन २०१५ साली काही कॅनेडियन संशोधकांनी एक साधा व्यवहार्य आकडा सुचवला : दहा सेकंद. प्रत्येक जातीची, प्रत्येक तापमानाची वेगळी मर्यादा शोधत बसण्यापेक्षा सगळ्यांना लक्षात ठेवता येईल अशी ही सुरक्षित बाजूची मर्यादा आहे. दहाव्या सेकंदाला मासा मरतो असे कुणी म्हटलेले नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सरासरीच्या आकड्यांमागे लपून राहते. वीस सेंटिमीटरचा ट्राउट कुणी फोटोसाठी धरून ठेवत नाही. गळ काढला आणि सोडला. जास्तीत जास्त वेळ धरला जातो तो मोठा मासा. आणि मोठा मासा हातात यायलाच जास्त वेळ लागतो, म्हणजे तोच सर्वाधिक दमलेला असतो. तो जड असतो, त्यामुळे हातातून निसटून दगडावर आपटण्याची शक्यताही त्याचीच अधिक. फोटोसाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वर उचलला जातो तोही हाच. शिवाय ट्राउटची मादी वजनाच्या प्रमाणात, किलोमागे साधारण दीड ते दोन हजार अंडी देते. म्हणजे ज्या माशाला सांभाळून सोडायला हवे, त्याच्याच वाट्याला कॅमेरा सर्वात जास्त येतो. ‘साधारण मासे तीस सेकंदांत मरत नाहीत’ हे खरे असले तरी फोटोतला मासा साधारण नसतो, म्हणून तर त्याचा फोटो असतो.

दुपारी दोननंतर बंद

वेळेइतकेच, कदाचित त्याहून अधिक महत्त्व पाण्याच्या तापमानाला आहे. दहा अंश सेल्सियस पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. वीस अंशांवर तो ९.१ वर येतो. म्हणजे उन्हाने नदी तापली की ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी थंड रक्ताच्या माशाच्या शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढते. आवक कमी, खर्च जास्त. ट्राउटला वीस अंशांपुढे झुंज मुळातच परवडत नाही, मग फोटो राहू द्या.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात यासाठी एक मजेशीर नावाचा नियम आहे, ‘हूट आउल’, म्हणजे घुबडाची वेळ. उन्हाळ्यात आगीच्या भीतीने जंगलातले लाकूडतोडे भल्या पहाटे, घुबडे घुमत असतानाच काम उरकत. त्यावरून हे नाव पडले. पाण्याचे तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २२.८ सेल्सियसच्या वर गेले की त्या नदीवर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद केली जाते. सकाळी पाणी थंड असते, तेव्हा परवानगी. मासा खाणार की सोडणार, हा प्रश्नच विचारला जात नाही, कारण अशा पाण्यात सोडलेल्या माशाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. अलीकडे काही सजग मच्छीमार गळाबरोबर खिशात थर्मामीटर बाळगतात. मासेमारीच्या साहित्यात इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी वस्तू दुसरी नसावी.

हाताळण्याचाही मुद्दा आहे. माशाचे अंग बुळबुळीत लागते ते त्यावरच्या श्लेष्माच्या थरामुळे. हा थर म्हणजे त्याची जंतूंविरुद्धची पहिली तटबंदी. कोरड्या हाताने, कोरड्या कापडाने धरले किंवा काठावरच्या रेतीत आडवे ठेवून फोटो काढला की हा थर पुसला जातो आणि तिथे सॅप्रोलेग्नियासारखी पाण्यातली बुरशी धरू शकते. पाठीवर किंवा पोटावर कापसासारखे पांढरे डाग असलेला मासा नदीत दिसतो तो अनेकदा याचाच. गाठी असलेल्या दोऱ्याच्या हातजाळीपेक्षा गुळगुळीत रबराची जाळी बरी, उलटा काटा नसलेला गळ लवकर निघतो, हात आधी भिजवावेत, हे आता नवख्यालाही शिकवले जाते. मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवणे तर सर्वात वाईट. आयुष्यभर पाण्याने तोलून धरलेल्या शरीराला स्वतःचे वजन उभ्याने पेलायची सवय नसते.

वॉशिंग्टन राज्याने हा प्रश्न मच्छीमारांच्या सदसद्विवेकावर सोडला नाही. तिथे गोड्या पाण्यातला जो सामन, स्टीलहेड किंवा बुल ट्राउट ठेवून घेण्याची परवानगी नाही, तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढणेच बेकायदा आहे. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट. त्यामुळे असा मासा छातीशी धरलेला फोटो प्रसिद्ध करणे म्हणजे आपल्याच गुन्ह्याचा सचित्र पंचनामा करण्यासारखे आहे.

याला कंटाळून फोटो सोडून दिलेलेही आहेत, पण बहुतेकांनी मधला मार्ग काढला आहे. मासा पाण्यातल्या जाळीतच ठेवायचा, फोन आधी तयार ठेवायचा, फोटो काढणाऱ्याने ‘हो’ म्हटल्यावर पाणी गळत असतानाच क्षणभर उचलायचे आणि पुन्हा खाली. अर्धा मासा पाण्यात, नुसते डोके आणि पहिले काही ठिपके, असे फोटो आता जास्त दिसू लागले आहेत. खरे तर ते अधिक सुंदर असतात. ओल्या अंगावरचे रंग कोरड्या हवेत लगेच फिके पडतात, हे कुणाही कोळणीला विचारावे.

मागचा डोंगर ओळखीचा

वादाचा दुसरा पदर फोटो काढण्याचा नव्हे, दाखवण्याचा आहे. मोठा मासा पाहिल्यावर पहिला प्रश्न येतो : कुठे मिळाला? आणि उत्तर फोटोतच असते. फोनमधला कॅमेरा अक्षांश-रेखांश गुपचूप नोंदवून ठेवतो. ते पुसले तरी मागचा पूल, डोंगराची कड, विशिष्ट खडक जाणकार लोक ओळखतात. मोठ्या नदीला शंभर माणसे जास्त आली तरी फरक पडत नाही. पण उडी मारून ओलांडता येईल अशा डोंगरी ओढ्यात मोठे मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. तिथे पंधरवड्यात पन्नास माणसे आली तर तेच ते मासे पुन्हा पुन्हा पकडले जातात.

गर्दीचे नुकसान फक्त गळाने होत नाही. ट्राउटची मादी गोट्यांच्या उथळ पाण्यात शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. ही अंडी तिथे कित्येक आठवडे राहतात. वरून पाहणाऱ्याला फक्त थोडे स्वच्छ, उजळ गोटे दिसतात. मोंटानातील एका प्रयोगात, जो १९९२ साली प्रसिद्ध झाला, अशा जागांवरून माणसे मुद्दाम चालवली. पिले बाहेर येईपर्यंत रोज दोनदा चालल्यास ८३ टक्क्यांहून अधिक अंडी आणि पिले मेली. अंडी फुटण्याच्या सुमारास फक्त एकदा पाय पडला तरी ४३ टक्क्यांपर्यंत नुकसान झाले. विणीच्या हंगामात उथळ पाण्यात आलेले मोठे मासे सहज दिसतात, सहज पकडता येतात आणि तेव्हा त्यांचे रंगही सर्वात गडद असतात. फोटोसाठी मोह पडावा असाच हंगाम. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते ती याच कारणाने.

या भीतीत नवे काही नाही आणि ती फक्त मच्छीमारांची नाही. दुर्मीळ प्राण्या-वनस्पतींची नेमकी ठिकाणे शोधनिबंधात छापू नयेत, चोरटे ती वाचतात, असा इशारा दोन ऑस्ट्रेलियन परिसंस्था अभ्यासकांनी २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दिला होता. ट्राउटसाठी प्रसिद्ध असलेल्या वायोमिंगमधील जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने तर २०१८ मध्ये पर्यटकांनाच विनंती केली, की फोटोवर नेमके ठिकाण टाकू नका. पर्यटन वाढवणे हे ज्याचे काम, त्याला हे सांगावे लागले.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. ठिकाण लपवण्यात थोडा मतलब असतो; नदी सगळ्यांची आहे, पण मासे ‘आमच्या’ माणसांपुरते. आणि ज्या ओढ्याचे नावच कुणाला ठाऊक नाही, त्यावर उद्या बंधारा आला किंवा खाणीचे पाणी सोडले तर त्याच्या बाजूने बोलणार कोण? हा प्रश्न टोलवता येत नाही. तरी नदीचे नाव सांगणे आणि वळणावरचा खडक दाखवणे यात फरक आहे आणि तो करता येतो.

सोडणेच गुन्हा

युरोपात गेले की वाद उलटा फिरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून, सोडून देण्याच्याच इराद्याने मासा पकडणे कायद्याने निषिद्ध आहे. जर्मनीचा प्राणिरक्षण कायदा प्राण्याला वेदना देण्यासाठी ‘वाजवी कारण’ मागतो. खाणे हे वाजवी कारण, फोटो काढून सोडणे हे तसे कारण ठरत नाही. त्यामुळे तिथे मोठ्या माशासोबतचा हसरा फोटो तक्रारीचे निमित्त होऊ शकतो.

या कायद्यांमागे माशाला वेदना होतात का, हा प्रश्न आहे. स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउटच्या डोक्यावर वेदनासूचक चेतातंतू असल्याचे दाखवले. ओठात मधमाशीचे विष किंवा अॅसिटिक आम्ल टोचलेले मासे बराच वेळ अन्नाला तोंड लावत नव्हते. आम्ल टोचलेले काही तर ओठ तळाच्या खड्यांवर घासत होते. विरोधक म्हणतात की इजेला प्रतिसाद देणे वेगळे आणि वेदना जाणवणे वेगळे. त्यासाठी लागणारा मेंदूचा भाग माशाला नाही. हा वाद मिटलेला नाही. पण त्यातून एक अडचणीचा प्रश्न पुढे येतो, जो छातीशी मासा धरणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही : मासा खाण्यासाठीही नाही, मोजण्यासाठीही नाही, तर मग कशासाठी?

कावेरीची नोंदवही

‘मोजण्यासाठी’ हे उत्तर कधी कधी खरेही असते. त्याचे उत्तम उदाहरण ट्राउटचे नाही, आपल्या महसीरचे आहे आणि त्याचा एक धागा लोणावळ्याला येऊन पोहोचतो.

कर्नाटकातील कावेरीत पाठीवर उंच कुबड असलेला, नारिंगी छटेचा एक प्रचंड महसीर आहे. १९४६ साली कावेरीच्या उपनदीत, कबिनीत, १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महसीर गळाने पकडला गेला, त्याचे नाव आजही निघते. पुढे कावेरीवर पकडून सोडण्याची शिबिरे सुरू झाली. तिथे परदेशी पाहुणे येत, फोटो काढत आणि शिबिराच्या नोंदवहीत तारीख, वेळ, वजन लिहिले जाई. १९९८ ते २०१२ या काळातील सुमारे २३,६०० तासांच्या मासेमारीत ६,००० हून अधिक महसीरांची नोंद झाली. कुठल्याही सरकारी सर्वेक्षणाने एवढे तास नदीत काढले नसते.

ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी या नोंदी तपासल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. मासे मिळण्याचे प्रमाण वाढत होते, पण वजन उतरत होते. नीट पाहिल्यावर लक्षात आले की मासाच बदलला आहे. कुबडाचा मासा घटत होता आणि त्याच्या जागी निळसर परांचा दुसराच महसीर वाढत होता. हा दुसरा म्हणजे महाराष्ट्रातल्या नद्यांमधला आपला खडस. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. महसीर वाचावा म्हणून त्याची बोटुकली दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यात कावेरीही होती. हेतू चांगला होता. तेव्हा दोन्ही मासे एकच नाहीत हे कुणाला नेमके ठाऊक नव्हते.

आणखी आश्चर्य असे की दीडशे वर्षे ज्याच्यासोबत साहेबलोक फोटो काढत आले, त्या कुबडाच्या माशाला निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. ‘टॉर रेमादेवी’ ही त्याची ओळख २०१८ साली पक्की झाली आणि त्यापाठोपाठ त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये झाली. खडस मात्र आता त्या मानाने सुखरूप समजला जातो.

संरक्षित क्षेत्रात गळ टाकणे हीही शिकारच, असा वन्यजीव संरक्षण कायद्याचा अर्थ लावला गेल्याने कावेरीवरची ती शिबिरे २०१२ च्या सुमारास बंद झाली. सोडून दिलेल्या माशांची नोंदवहीही त्याच पानावर थांबली.